हिब्रूचे अध्ययन, महाराष्ट्रातील

हिब्रू ही सेमिटिक भाषाकुलाच्या वायव्य शाखेतील एक प्राचीन भाषा होय. ज्यू धर्माचा ‘तनाख’ हा ग्रंथसमूह, म्हणजेच ख्रिस्ती बायबलाचा ‘जुना करार’, ॲरेमाइक भाषेतील काही थोडा भाग वगळता याच भाषेत आहे. महाराष्ट्रात हिब्रूचा उच्चार पिढ्यान्‌पिढ्या होत आला असला, तरी तिचे व्याकरणपूर्वक अध्ययन एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात सुरू झाले. पुढे मुंबई विद्यापीठाने तिला अभिजात भाषा म्हणून परीक्षांत स्थान दिले. या अध्ययनाचा इतिहास मुख्यत्वे बेने इस्राएल या मराठी भाषक ज्यू समाजाच्या इतिहासाशी निगडित आहे. ज्या भाषेवाचून आपली ओळख अपुरी राहते, ती भाषा या समाजाला परक्यांकडून आणि तीही मराठीच्या द्वारे नव्याने शिकावी लागली.

बेने इस्राएलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगाव येथे गलबत फुटून किनाऱ्यास लागले व त्यांतील सात जोडपी वाचली. धर्मग्रंथ समुद्रात गेले, असेही ही परंपरा सांगते. तीत ऐतिहासिक तथ्य किती, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि अठराव्या शतकापर्यंत कुलाबा जिल्ह्यातील (आताचा रायगड जिल्हा) या समाजाजवळ हिब्रू ग्रंथ नव्हते, हे सर्वमान्य आहे. तेलाचे घाणे चालविणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या या लोकांना आसपासचे लोक ‘शनिवार तेली’ म्हणत. शब्बाथ, सुंता, आहारविषयक काही निर्बंध आणि ‘शमा’ ही ईश्वराच्या एकत्वाची घोषणा एवढे त्यांनी जपून ठेवले होते. शमा हे हिब्रू वचन. पण जन्म, विवाह, मृत्यू अशा सर्व प्रसंगी ते म्हटले जाई आणि त्याचा शब्दशः अर्थ सांगू शकणारे कोणी नव्हते. डेव्हिड रहाबी नावाच्या ज्यूने त्यांची पारख करून झिराडकर, शापूरकर व राजपूरकर या घराण्यांतील तीन तरुणांना हिब्रू वाचन व धर्मविधी शिकविले, अशी आख्यायिका आहे. हे तिघे ‘काजी’ म्हणून ओळखले गेले व ते पद त्यांच्या वंशजांकडे चालत आले. रहाबीचा काळ निश्चित नाही. काही अभ्यासक त्याला अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्यातील मानतात.

कोचीनच्या ज्यूंशी आलेला संबंध मात्र निर्विवाद होय. १७९६ मध्ये सॅम्युअल इझेकिएल (सामाजी हसाजी) दिवेकर यांनी मुंबईत समाजाचे पहिले सिनॅगॉग उभारले. त्यानंतर प्रार्थना चालविणारे हझ्झान व शिक्षक कोचीनहून येऊ लागले. त्यांच्या हाताखाली अक्षरओळख आणि प्रार्थनेचे पाठांतर होई. व्याकरण हा या शिक्षणाचा भाग नव्हता. वेदपाठशाळेत अर्थाची चौकशी न करता संहिता कंठस्थ करणाऱ्या विद्यार्थ्याची आठवण येथे सहज होते. फरक इतकाच, की वेदपाठकाच्या शेजारी वैयाकरण असे, कोकणातील हिब्रू पाठकाच्या शेजारी तो नव्हता.

ही उणीव भरून काढली ती स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन (१८०४–७५) यांनी. १८२९ मध्ये मुंबईत आल्यावर विल्सन यांनी मराठीचा कसून अभ्यास केला आणि १८३२ मध्ये खास बेने इस्राएलांसाठी हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे सांगणारे मराठी पुस्तक प्रसिद्ध केले. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये निघाले, हे लक्षात घेतले म्हणजे या घटनेचे नवल वाटते. मराठीचे व्याकरण मराठीत नीटसे उभे राहण्यापूर्वीच हिब्रूचे व्याकरण मराठीत अवतरले होते. अमेरिकन मराठी मिशननेही याआधीच कोकणातील शाळांत बेने इस्राएल मुलांना प्रवेश दिला होता व त्या समाजातील काही तरुणांना शिक्षक नेमले होते. विल्सन यांच्या शाळेतूनच पुढे विल्सन महाविद्यालय विकसित झाले.

मिशनऱ्यांचा हेतू उघड होता. जुना करार मूळ भाषेत वाचणारा ज्यू नव्या कराराकडे वळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात धर्मांतर करणारे बेने इस्राएल अगदी मोजके निघाले. उलट मिशन शाळांतून शिकलेल्या पिढीने ते ज्ञान स्वतःच्या प्रार्थनाग्रंथांकडे वळविले. मिशनऱ्यांनी दिलेले साधन मिशनऱ्यांच्या हेतूविरुद्ध इतक्या शांतपणे वापरले गेल्याची उदाहरणे भारताच्या शैक्षणिक इतिहासात फार नाहीत.

मराठी माणसाने हिब्रू शिकू लागणे म्हणजे नेमके काय, हे येथे थोडे विस्ताराने सांगणे इष्ट ठरेल. हिब्रू लिपीत बावीस अक्षरे असून ती सर्व व्यंजने होत. त्यांतील पाच अक्षरांना शब्दाच्या शेवटी वेगळे रूप येते. लेखन उजवीकडून डावीकडे होते. स्वर दाखविण्यासाठी अक्षरांच्या खाली-वर बिंदू व रेषा देण्याची पद्धती मध्ययुगाच्या आरंभी तिबेरियसच्या ‘मासोरा’ संप्रदायातील पंडितांनी पूर्णत्वास नेली. आरंभीचा विद्यार्थी या स्वरचिन्हांच्या आधारे वाचतो. ती नसलेला मजकूर वाचता येणे ही पुढची पायरी. देवनागरीत काना-मात्रा-वेलांटीची सवय झालेल्या डोळ्यांना स्वरचिन्हांची कल्पना परकी वाटत नाही. पण ती गाळूनही शब्द वाचता यावा, हे पचविण्यास वेळ लागतो. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न पाळता लिहिलेली कागदपत्रे संदर्भाने वाचणाऱ्या कारकुनाला ते कदाचित लवकर समजले असते. उच्चारांत ‘हेथ’ व ‘अयिन’ हे कंठ्य वर्ण मराठी भाषकास कठीण जातात. ‘त्सादे’ या अक्षराचा आधुनिक उच्चार मात्र इंग्रज विद्यार्थ्याला शब्दारंभी अवघड वाटतो, तर ‘चमचा’ व ‘चार’ यांतील दोन वेगळे ‘च’ बाळपणापासून उच्चारणाऱ्या मराठी माणसाला तो आयताच येतो.

खरी कसोटी लागते ती शब्दसिद्धीत. हिब्रू शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूपासून बनतो आणि मधले स्वर बदलून, आधी-शेवटी वर्ण जोडून अर्थ पालटतो. क-त-ब या धातूपासून ‘काथव’ (त्याने लिहिले), ‘मिख्ताव’ (पत्र), ‘केतुबा’ (विवाहाचा करारलेख) असे शब्द होतात. मराठी वाचकाला ही घडण अगदीच अनोळखी नाही. कारण अरबीतून फार्सीमार्गे आलेले ‘किताब’, ‘मक्तब’ हे शब्द त्याच धातूचे होत. ‘सलाम’ आणि ‘शालोम’, ‘कबर’ आणि ‘केवेर’, ‘यतीम’ आणि ‘याथोम’ या जोड्याही अशाच. ‘हिशेब’ ज्या धातूपासून आला, त्याच धातूचा हिब्रू अवतार ‘विचार करणे’ या अर्थी येतो व आधुनिक हिब्रूत हिशेबाला ‘हेश्बोन’ म्हणतात. शिवकालीन दप्तरे वाचणाऱ्याला हिब्रूचा शब्दकोश उघडताना दूरचे नातलग भेटल्यासारखे वाटावे.

क्रियापदाच्या बाबतीतही मराठीतून शिकणारा इंग्रजीतून शिकणाऱ्यापेक्षा काही बाबतींत पुढे असतो. ‘तू गेलास’ व ‘तू गेलीस’ हा लिंगभेद इंग्रजीत नाही. हिब्रूत तो ‘हालख्ता’ व ‘हालख्त’ असा आहे. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांना आधुनिक हिब्रूत अनुक्रमे ‘होलेख’ व ‘होलेखेत’ ही रूपे योजतात. पण हे साम्य फसवेही आहे. ‘तिने पत्र लिहिले’ या मराठी वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते. हिब्रूत ते कर्त्याप्रमाणेच चालते, त्यामुळे स्त्री लिहिणारी असल्यास क्रियापद स्त्रीलिंगीच असावे लागते. मराठीत तीन लिंगे आहेत, हिब्रूत दोनच. मराठी क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, तर बायबलच्या कथनात ते बहुधा आरंभी येते. षष्ठीचा अर्थ दाखविणारी हिब्रू रचना मराठी तत्पुरुष समासाच्या उलट असते. ‘पुस्तकघर’ म्हणायचे तेथे ‘घर-पुस्तकाचे’ असा क्रम लागतो आणि पहिल्या पदाचे रूप बदलते. ‘बानीम’ म्हणजे पुत्र. ‘इस्राएलाचे पुत्र’ म्हणताना त्याचे ‘बेने’ होते. बेने इस्राएल विद्यार्थ्याला हा नियम समजावून देण्यासाठी वेगळे उदाहरण शोधावे लागत नसे. त्याच्या समाजाचे नावच त्या नियमाचे उदाहरण होते. विद्यार्थी धातूंचे सात मुख्य गण (बिन्यानीम) ओळखू लागला, दुर्बल वर्णांचे धातू कसे आकसतात हे त्याला कळले आणि भविष्यासारखे दिसणारे रूप आधी ‘व’ जोडल्याने भूतकाळाची कथा कशी सांगते हे उमगले, म्हणजे तो मध्यम पायरीवर आला असे मानतात. तेथून उत्पत्ती, रूथ यांसारखी सरळ गद्य पुस्तके कोशाच्या साहाय्याने वाचता येतात. संदेष्ट्यांचे ग्रंथ व इयोब यांतील पद्य अद्याप दूरच असते.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. त्याच्या परीक्षांत संस्कृत, ग्रीक, लॅटिन, अरबी, फार्सी यांच्या पंक्तीस हिब्रूलाही जागा मिळाली. विल्सन हे विद्यापीठाच्या आरंभीच्या प्रमुख सूत्रधारांपैकी एक असून १८६८ मध्ये ते कुलगुरू झाले, ही गोष्ट हिब्रूच्या दृष्टीने अनुकूल होती. १८६० च्या दशकात मराठीसारख्या देशी भाषा विद्यापीठाच्या उच्च परीक्षांतून वगळण्यात आल्या आणि त्यांना पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून न्यायमूर्ती म. गो. रानडे यांना शतकाच्या अखेरपर्यंत झगडावे लागले. अभिजात म्हणून हिब्रूचे स्थान मात्र अबाधित राहिले. परिणामी एका विलक्षण विसंगतीचा अनुभव बेने इस्राएल विद्यार्थ्याने घेतला. घरी तो मराठी बोले, हिब्रूचा अर्थ मराठीतून समजून घेई. विद्यापीठात मात्र त्याच्या घरच्या भाषेला दरवाजा बंद आणि जी भाषा त्याच्या घरात कोणी बोलत नव्हते, तिला दरवाजा उघडा होता.

या काळातील सर्वांत महत्त्वाचे नाव जोसेफ इझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांचे होय. बगदादी ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या नावाने चाललेल्या मुंबईच्या डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन या शाळेत ते शिक्षक व पुढे दीर्घकाळ मुख्याध्यापक होते. १८७१ मध्ये विद्यापीठाने त्यांची हिब्रूचे परीक्षक म्हणून नेमणूक केली आणि १८७९ मध्ये ते विद्यापीठाचे फेलो झाले. रहाबीने शिकविलेल्या तिघांपैकी एक राजपूरकर घराण्याचा होता, या आख्यायिकेशी हे आडनाव जुळते हा योगायोग असेल. पण ज्या समाजाला शंभर वर्षांपूर्वी हिब्रू अक्षर वाचणारा माणूस बाहेरून आणावा लागत होता, त्याच समाजातील एक जण आता त्या भाषेचे गुण देणारा परीक्षक झाला, हे अंतर लक्षणीय आहे. राजपूरकरांनी वीसहून अधिक प्रार्थनाग्रंथ व धार्मिक पुस्तके हिब्रूतून मराठीत आणली. हिब्रू ग्रंथांत पदोपदी येणाऱ्या संक्षेपांचा उलगडा करणारे एक हस्तपुस्तकही त्यांनी सिद्ध केले. अशा पुस्तकाची गरज नवशिक्याला भासत नाही. भाष्यग्रंथांपर्यंत पोचलेल्या वाचकालाच ती भासते, त्यावरून समाजातील अध्ययन किती पुढे गेले होते याची कल्पना येते.

भाषांतराचे हे कार्य राजपूरकरांपूर्वीच सुरू झाले होते. वल्हांडण सणाच्या रात्री वाचावयाच्या ‘हगादा’ या संहितेची मराठी भाषांतरासह पहिली आवृत्ती मुंबईत १८४६ मध्ये शिळाप्रेसवर निघाली. पुण्यात १८७४ साली निघालेल्या आवृत्तीतील चित्रांत सणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया साड्या नेसलेल्या दाखविल्या आहेत. पुढे १८८० पासून बेने इस्राएलांत कीर्तनाचा प्रघात पडला आणि मोशे, योसेफ, दावीद यांची आख्याने ओव्या, साक्या, दिंड्या यांतून रंगू लागली. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८७५ मध्ये स्थापिलेल्या शाळेत इतर विषयांबरोबर हिब्रूही शिकविली जाई. हीच पुढे सर एली कदूरी शाळा म्हणून नावारूपास आली. केहिमकरांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला बेने इस्राएलांचा इतिहास त्यांच्या निधनानंतर १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला.

तथापि भाषांतर आणि कीर्तन यांच्या यशाची दुसरी बाजूही आहे. प्रार्थनेचा अर्थ शेजारच्या रकान्यात मराठीत छापलेला मिळू लागल्यावर मूळ भाषा शिकण्याची निकड सामान्य उपासकाला राहिली नाही. व्याकरणाची वाट विद्यापीठाच्या परीक्षार्थींपुरती आणि काही शिक्षकांपुरती उरली. ज्यांनी हिब्रू उत्तम आत्मसात केली, त्यांच्याच श्रमाने इतरांना ती न शिकता धर्म समजणे शक्य झाले. यात दोष कोणाचा नाही. अल्पसंख्य समाजात शिक्षक थोडे व गरज मोठी असली, की असेच घडते.

विद्यापीठाचा विषय म्हणून हिब्रूची आणखी एक मर्यादा म्हणजे ती शिकविणारी माणसे मुंबईत एकवटली होती. मुंबईपासून दूर, सोलापूर वा त्याच्या जवळच्या होटगीसारख्या ठिकाणच्या जिज्ञासूला ती शिकावयाची, तर लांबचा प्रवास केल्यावाचून गत्यंतर नव्हते. या भागात अमेरिकन मराठी मिशनचे काम असल्याने जुना करार गावोगाव वाचला जात होता. पण तो मराठीत. पुण्याहून दौंड, सोलापूरवरून येणारा लोहमार्ग होटगीस विजापूर-गदगकडील मार्गाला मिळतो. मुंबईबाहेर हिब्रूच्या अध्ययनाचे सर्वांत मोठे एकाकी उदाहरण याच मार्गावर पुणे व दौंड यांच्या दरम्यान असलेल्या केडगावला घडले, आणि तेही कोणत्याही महाविद्यालयाच्या आधारावाचून.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी केडगावच्या मुक्ती सदनात राहून उतारवयात हिब्रू व ग्रीक या भाषा अभ्यासल्या आणि संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर मूळ भाषांच्या आधारे केले. प्रचलित मराठी बायबलाची भाषा संस्कृतप्रचुर असून अल्पशिक्षित स्त्रियांना ती कळत नाही, हे त्यांचे म्हणणे होते. बालपणी आईकडून संस्कृत शिकलेल्या आणि ‘पंडिता’, ‘सरस्वती’ या पदव्या मिळविलेल्या विदुषीने संस्कृत शब्द टाळण्यासाठी हिब्रू शिकावी, ही घटना बोलकी आहे. पाठांतराची लहानपणची शिस्त त्यांना नव्या भाषेच्या रूपावली आत्मसात करताना उपयोगी पडली असावी. भाषांतराचे काम त्यांच्या अखेरच्या दिवसांपर्यंत चालले. ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, सदनाच्या स्वतःच्या छापखान्यातून बाहेर पडला व त्याच्या छपाईत तेथील स्त्रियांचा हात होता. हिब्रूला बोलभाषा म्हणून पुनरुज्जीवित करणारे एलिएझेर बेन येहुदा यांचेही जन्म-मृत्यूचे सन १८५८ व १९२२ हेच होत. जेरूसलेममध्ये बेन येहुदा जी भाषा घरात, बाजारात आणू पाहत होते, तिचा रमाबाईंनी केला तो अभ्यास मात्र ग्रंथाची भाषा म्हणून.

ग्रंथभाषा आणि बोलभाषा यांतील हे अंतर बेने इस्राएलांना पुढे तीव्रतेने जाणवले. १९४८ मध्ये इझ्राएलची स्थापना झाली तेव्हा भारतात या समाजाची संख्या अंदाजे वीस हजार होती; पुढील दोन-तीन दशकांत त्यातील बहुसंख्य तिकडे स्थायिक झाले. तेथे नवागतांना हिब्रू शिकविण्यासाठी ‘उल्पान’ नावाचे वर्ग १९४९ पासून सुरू झाले होते. प्रार्थना तोंडपाठ असलेल्या, अक्षरे ओळखणाऱ्या प्रौढ माणसालाही दुकानात वा कारखान्यात बोलताना अडखळावे लागे, कारण त्याची हिब्रू देवाशी बोलण्याची होती; भाव विचारण्याची नव्हती. महाविद्यालयात मध्यम पायरीपर्यंत गेलेल्यांना धातू व गण ठाऊक असल्याने तुलनेने लवकर वळण पडे, तरी स्वरचिन्हांवाचून छापलेले वृत्तपत्र वाचणे त्यांनाही सुरुवातीस अवघडच. कालांतराने परिस्थिती उलटली. इझ्राएलमध्ये जन्मलेल्या पिढीची मातृभाषा हिब्रू झाली आणि मराठी टिकवून धरण्यासाठी तेथील मराठी मंडळींना ‘मायबोली’ हे नियतकालिक चालवावे लागले.

स्थलांतरामुळे महाराष्ट्रातील विद्यापीठीय हिब्रूचा आधारच नाहीसा झाला. ज्या विषयाचे परीक्षार्थी आणि परीक्षक एकाच लहान समाजातून येत होते, त्याला तो समाज गेल्यावर नवे विद्यार्थी मिळणे शक्य नव्हते. संस्कृत वा फार्सी यांच्याप्रमाणे इतर समाजांतील विद्यार्थ्यांना आकर्षून घेण्याइतका हिब्रूचा प्रचार विद्यापीठाने कधी केला नव्हता. भाषाशास्त्र, अरबी अध्ययन किंवा मराठीतील सेमिटिक शब्दांचा अभ्यास यांच्याशी तिची सांगड घातली गेली असती, तर कदाचित चित्र वेगळे दिसले असते. महाराष्ट्रात राहिलेल्या काही हजार ज्यूंमध्ये सिनॅगॉगच्या आश्रयाने प्रार्थनेपुरते वाचन शिकविले जाते.

महाविद्यालयीन स्तरावरील क्रमबद्ध अध्ययन आज मुख्यतः पुण्यातील ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या संस्थांत आढळते. कँडीहून १९५५ मध्ये पुण्यास हलविलेली पोपप्रणीत सेमिनरी (ज्ञानदीप विद्यापीठ) आणि १९५३ मध्ये यवतमाळ येथे स्थापन होऊन १९८३ मध्ये पुण्यात आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी या त्यांतील प्रमुख होत. तेथे बायबलकालीन हिब्रू शिकवितात. विद्यार्थी भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतून येतात आणि शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असते.